डाव्या पायाचे प्रताप

मोटार चालवणाऱ्या माणसाच्या डाव्या पायाविषयी मला चार कडक शब्द बोलायचे आहेत. उजव्या पायाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. पोलीस बोलतात, बायका बोलतात, रस्त्याकडेच्या पाट्या बोलतात. 'वेगावर नियंत्रण ठेवा' वगैरे सगळं वाङ्मय उजव्या पायालाच उद्देशून लिहिलेलं असतं. डावा पाय मात्र गरीब, सोज्वळ, लग्नघरातल्या धाकट्या जावेसारखा कोपऱ्यात. त्याच्यावर कुणाचा संशयसुद्धा जात नाही. आणि सगळा घात तोच करतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की क्लच प्लेट जळते ती आपल्या यवतमाळच्या उन्हानं नाही, कंपनीच्या हलगर्जीपणानं क्वचितच, आणि नशिबानं तर नाहीच नाही. ती लाजेनं जळते. वाचकांनी हसू नये. मी या लाजेची किंमत रोख मोजलेली आहे, आणि रोखीत न मोजता येणारीही.

मी गाडी शिकलो १९९८ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. शाळेतल्या एका सहकाऱ्याची जुनी मारुती ८०० घेतली आणि शिकवायला एक गुरू धरले. गुरूंचा मंत्र एकच: "सर, गाडी बंद पडू द्यायची नाही." गाडी कुठं धडकली तर ते एक वेळ समजून घेत, पण बंद पडली की कपाळाला हात लावत. बंद पडू न देण्याचा त्यांचा रामबाण उपाय म्हणजे पाय सदैव क्लचवर. जरा शंका आली की दाबा. शंका मला सारखीच येत असे. पोस्टल ग्राउंडवर महिनाभर मी जी काही गाडी चालवली, ती निम्मी पेट्रोलवर आणि निम्मी शंकेवर.

मग एके दिवशी भर दत्त चौकात, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, ती बंद पडलीच. मागे एस्टी, बाजूला कापसानं भरलेली बैलगाडी आणि समोर पानठेला. ठेल्यावरच्या एका रिकामटेकड्यानं गळा काढून विचारलं, "काऊन मास्तर, बैल जुंपू का?" ठेल्यावर हशा पिकला. त्यात माझे दोन माजी विद्यार्थी होते, गणितात पस्तीस मार्कांवर सुटलेले. मी चावी फिरवली, गाडी सुरू झाली. सगळे मिळून सहा सेकंद गेले असतील. पण त्या सहा सेकंदांनी माझा डावा पाय जो क्लचवर नेऊन बसवला, तो पुढं अकरा वर्षं तिथून उठला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे तुमच्या एकट्याचं दुखणं. मुळीच नाही! कुठल्याही चौकात लाल दिव्यापाशी उभं राहून बघा. एकही गाडी स्वस्थ उभी नसते. गिअर पडलेला, क्लच अर्धा दाबलेला आणि गाडी वितभर पुढं, वितभर मागं, अशी अंगात आल्यासारखी घुमत असते. दिवा हिरवा व्हायला अजून चाळीस सेकंद आहेत. न्यूट्रल करून दोन्ही पाय मोकळे करायला यांना कोण अडवतं? कोणी नाही. भीती एवढीच, की दिवा बदलल्यावर गिअर टाकायला एक क्षण लागेल आणि मागचा हॉर्न वाजवील. मागच्या अनोळखी माणसाच्या हॉर्नला आपण जेवढं घाबरतो, तेवढं बापाला घाबरलो असतो तर आज कलेक्टर झालो असतो.

चढावरचा प्रकार तर बघवत नाही. हँडब्रेक नावाची वस्तू प्रत्येक गाडीत असते. पण ती ओढणं हे नवशिक्याचं लक्षण मानलं जातं. खरा मर्द म्हणे चढावर ब्रेक न लावता गाडी तोलून धरतो. इकडे क्लच अर्धा सोडलेला, तिकडे ॲक्सिलरेटर हलकासा दाबलेला, चेहऱ्यावर सर्कशीतल्या तारेवरच्या पोरीसारखं हसू. ज्याच्या घरी कधी बैलजोडी होती त्यानं या प्रकाराला बैलाच्या भाषेत बघावं. एका हातानं कासरा खेचून धरायचा आणि दुसऱ्या हातानं तुतारी टोचत राहायची. बैलानं काय करावं? बैल निदान लाथ तरी मारतो. आणि बैलाचं नशीब पाहा, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-तुपानं शेकतात. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बॉनेटवर स्वस्तिक काढतो. क्लचच्या पेडलला किती ढील उरली आहे, हे वाकून बघणारा माणूस मी दसऱ्याला काय, दिवाळीलाही पाहिलेला नाही.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त साहेब आहेत. या विषयावर त्यांचा आणि माझा फिरायला जाताना रोज वाद होतो. "हाफ क्लच ही कला आहे," असं त्यांचं मत. मी म्हणतो, गाडी जागची हलवताना क्षणभर हाफ क्लच लागणारच, त्याला माझी ना नाही. उंबरठा ओलांडल्याशिवाय घरात शिरता येत नाही. पण म्हणून उंबरठ्यावर अंथरूण टाकायचं नसतं! यावर साहेब वेग वाढवतात आणि मी मागे पडतो. वाद तेवढ्यावर थांबतो.

पण मला हे शहाणपण सुचलं कधी, ते सांगायलाच हवं. २००९ चा मे महिना. वाशीमला माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न. मी मामा. आपल्याकडे नवरीला मंडपात घेऊन यायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ते मामानंच. ताईला भाऊ एकच. मुहूर्त अकरा चाळीसचा. पुसदच्या मावशीला सोबत घ्यायचं म्हणून आदल्या रात्री आम्ही पुसदला मुक्काम केला आणि सकाळी निघालो. मी, सौ., मावशी, मावशीची ट्रंक, आहेराची पितळी भांडी आणि आंब्यांची एक पाटी.

पुसदहून वाशीमला जाताना खंडाळा घाट लागतो. खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना धुकं आणि भजी आठवतात. आमचा खंडाळा वेगळा. मे महिन्यात तिथं धुकं नसतं, सागाच्या झाडांनासुद्धा पानं नसतात. तर त्या घाटात, चढावर, पुढं कुठं तरी ट्रक आडवा पडलेला. गाड्यांची रांग लागली. हातभर सरकायचं, थांबायचं, हातभर सरकायचं. माझ्या मागे कुणा पुढाऱ्याची जीप, झेंडा लावलेली, आणि तिचा हॉर्न म्हणजे साक्षात प्रचारसभा. मी थोडा जरी मागे घसरलो तर त्या जीपला टेकणार, आणि गाडी बंद पडली तर... तर दत्त चौक! मी पाऊण तास गाडी क्लचवर लोंबकळत ठेवली. हँडब्रेक माझ्या डाव्या हाताशी होता. त्याला मी स्पर्शही केला नाही.

प्रथम मावशीच्या नाकाला कळलं. "कुठी तरी गोणपाट जळून राह्यलं बाप्पा!"

"दुसऱ्या कुणाच्या गाडीचं असेल," मी म्हणालो.

"अहो, आपलंच आहे ते," सौ. म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिचा अंदाज चुकण्याचं काही कारण नव्हतं.

रांग मोकळी झाली. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गर्जलं आणि गाडी जागच्या जागी. आणखी दाबला, आणखी गर्जलं. निवडणुकीतल्या उमेदवारासारखी अवस्था, आवाज भरपूर आणि प्रगती शून्य. पुढाऱ्याची जीप हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेली. ज्याच्या भीतीनं हे सगळं केलं, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

कांद्याच्या टेम्पोत बसून आम्ही वाशीमला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पंगत बसली होती. मुहूर्त कुणाच्या क्लच प्लेटसाठी थांबत नाही. नवरीला मंडपात आणायला ताईच्या शेजारचे एक सद्गृहस्थ उभे राहिले होते. भला माणूस, माझी टोपीही त्यांनीच घातली होती. अल्बममध्ये भाचीच्या पाठीशी ते उभे आहेत. एकाही फोटोत मी नाही. व्हिडिओत एकदा आहे, जिलबी घेताना. भाची काही बोलली नाही, नमस्काराला वाकली तेव्हा तिचे डोळे तेवढे लाल दिसले. ताई मात्र बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही.

गाडी ओढून पुसदला आणली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट बदलायची तर आख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून तर मजुरी ऐकून माणूस खाली बसतो. मिस्त्रीनं प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर झिजून रिव्हेटपर्यंत गेलेलं, काळं ठिक्कर. मी लगेच कंपनीला शिव्या द्यायला सुरुवात केली. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सर, प्लेटीचं काही चुकलं नाही जी. पाय कुठी ठेवता तुमी?"

मी पाय मागे घेतला.

"हे पाहा. हा फ्लायव्हील, हे प्रेशर प्लेट, अन् मधात हे बापडी. तुमचा पाय वर, तं तिघं एकजीव. पाय पुरा खाली, तं हे मोकळी. दोन्हीत तिले काही तकलीफ नाही. तुमी मधात लोंबकळत ठेवलं का चालू झाली घासाघास. नुसता पाय टेकून ठेवला तरी बेअरिंग घासते. अन् दोन्ही तऱ्हेनं पैसे तुमचेच."

"पण मग गाडी बंद पडते ना!"

"तं पडू द्या ना जी. चाबी फिरवाले का पैसे लागते?"

इतक्या सोप्या वाक्यासाठी मी अकरा वर्षं आणि एक लग्न घालवलं होतं. मिस्त्रीनं नवी प्लेट बसवल्यावर आणखी एक गंमत दाखवली. हँडब्रेक घट्ट ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. "पास," मिस्त्री म्हणाला. क्लच धड असेल तर गाडी बंद पडते, इंजिन चालूच राहिलं तर प्लेट गेली. म्हणजे ज्या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटली, ती क्लचच्या तब्येतीची खूण निघाली!

तेव्हापासून मी निर्लज्ज झालो आहे. पहिल्याच गिअरमध्ये निघतो, गिअर बदलला की डावा पाय क्लचवरून काढून जमिनीवर ठेवतो. लाल दिव्याला न्यूट्रल, चढावर हँडब्रेक. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे आमचे साहेब मला हसतात. त्यांना मी सांगून थकलो, की नव्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना आपणहून पेट्रोल तोडतात, आणि घाटात इंजिनाची पकड सोडणं म्हणजे ब्रेकवर सगळा भार टाकणं. मध्यंतरी दारव्हा रोडवर माझी गाडी पुन्हा एकदा बंद पडली. मागच्यानं हॉर्न वाजवला. मी शांतपणे चावी फिरवली आणि आरशातून त्याला नमस्कार केला.

हल्ली लोक म्हणतात, हा वाद जुना झाला, ऑटोमॅटिक घ्या, डाव्या पायाला पेन्शन द्या. साहेबांनी घेतलीही. पण २०१४ पासून आपल्याकडे ज्या स्वस्त ऑटोमॅटिक आल्या, त्यांतल्या बहुतेकांत क्लच आहेच, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र ठेवलंय. परवा साहेब आर्णी रोडच्या चढावर ब्रेक न लावता, नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून उभे होते. चेहऱ्यावर तेच तारेवरच्या पोरीचं हसू. मी काच खाली करून नाक पुढं केलं. गोणपाटाचा वास येत होता.

धाकट्या भाचीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. वाशीमलाच. कालच पत्रिका आली. कोपऱ्याला हळदीचं बोट, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असलं काही न छापता साधीच, सुरेख. आणि खाली ताईनं स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहिलेत: 'एस्टीनं ये.'