बॉन्डला गाडी कोणती?

बॉन्ड म्हटलं की अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५! 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) तिची नंबरप्लेट फिरते, शेजारी बसलेला माणूस सीटसकट छतातून उडतो. 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) टाटांच्या मालकीची जॅग्वारही दिसली, पण व्हिलनच्या माणसाकडे. छ्या!

पण मंडळी, हेराचं पहिलं काम काय? नजरेत न भरणं. पहाटे मार्केट यार्डात, भाजीच्या टेम्पोंच्या गर्दीत डीबी-५ शिरली, तर हमालांपासून आडत्यांपर्यंत सगळे वळून बघणार. मिशन खल्लास!

'ऑक्टोपसी'त (१९८३) उदयपूरच्या गर्दीतून बॉन्ड निसटला तो रिक्षातून; चालवत होता टेनिसवाला विजय अमृतराज. आपलं मत रिक्षालाच. तुम्हीही कारलोनवर सही करण्याआधी ठरवा: गाडी पोचायला हवीय, की दाखवायला?