दोनशे छप्पन्नचा पाढा

मार्चची दुपार, सौंसरजवळचा बगीचा, मृग बहाराचा माल तोडणं चाललेलं. बागवानानं भाव बघायला मोबाइल काढला, वर हाताची सावली धरली, पडदा तिरपा करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. "भाऊ, तुम्हीच वाचा." पान देखणं होतं: मागे संत्र्यांच्या ढिगाचा फोटो, त्यावर पांढरे आकडे. मलाही वाचता आले नाहीत.

यात डोळ्यांचा दोष नाही. पडद्यावरचा रूढ नारिंगी म्हणजे लाल 255, हिरवा 165, निळा 0. त्यावर पांढरं अक्षर काढलं तर दोघांच्या उजेडाचं प्रमाण जेमतेम 1.97 ला 1 भरतं. वेबसाठीचा जगभर मानला जाणारा डब्ल्यूसीएजी निकष साध्या आकाराच्या मजकुराला किमान 4.5 मागतो. त्याच नारिंगीवर काळं अक्षर काढा, प्रमाण 10.6 होतं. पांढऱ्याचाच हट्ट असेल, तर नारिंगी विटकरी होईस्तोवर गडद करावा लागतो, आणि मग त्याला संत्र्याचा रंग कोण म्हणणार?

अशी पानं बनवणाऱ्या एका पोराला हे सांगितलं, अक्षराचा रंग फोटो तपासून ठरव म्हटलं. तो म्हणाला, "फोटो रोज बदलतो. दर ठिपक्याचा हिशेब करत बसलं तर साधा फोन अडकतो."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. 1920 बाय 1080 च्या फोटोत 20,73,600 ठिपके, प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे 62,20,800 आकडे. उजेड काढायला त्यातला प्रत्येक 255 नं भागायचा, मग अगदी लहान आकडे सोडले तर त्यात 0.055 मिळवायचे, 1.055 नं भागायचं आणि आलेल्याचा 2.4 वा घात काढायचा. हा अपूर्णांकी घातच महाग पडतो. पण रंगाचा आकडा 0 ते 255 यांपलीकडे जातच नाही. 62 लाख वेळा विचारलेले प्रश्न मुळात 256 च आहेत! एकदाच उत्तरं काढून ओळीनं मांडून ठेवली की पुढे नुसतं बघून उचलायचं.

आमच्या पांढुर्ण्याकडे हे नव्यानं सांगायला नको. घरात पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी आणि हिंदी शाळेत अद्धा, पौना, सवैया, ढैया, असे दोन्हीकडचे पहाडे कानावर घेऊन म्हातारी माणसं बाजारात बसली. सतराची सव्वापट कुणी गिऱ्हाइकासमोर गुणत बसत नसे.

त्या 256 उत्तरांच्या तक्त्यात आणखी एक पायरी आधीच उरकता येते. लालला 0.2126, हिरव्याला 0.7152, निळ्याला 0.0722 असं वजन असतं. (डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ दिसतो.) ही वजनं गुणूनच तीन तक्ते केले की राहते फक्त बेरीज. निकालापुरता भागाकारही नको: गडद बाजूत 0.05 मिळवून 4.5 नं गुणा आणि उजळ बाजूत 0.05 मिळवून तिच्याशी ताडून बघा. अगदी लहान आकड्यांना घात न लावता नुसता भागाकार करतात; त्याच्या सीमेचा आकडा 0.03928 की 0.04045 असा जुन्या-नव्या सूत्रांत एक वाद आहे. तक्त्यापुरता तो मिटतो. दोन्हींत 10 पर्यंतचे आकडे साध्या भागाकाराचे आणि 11 पासूनचे घाताचे.

उत्साहात कुणी साऱ्या 1,67,77,216 रंगांचा एकच तक्ता करील. तो चार-चार बाइट धरून 64 एमबीचा होतो, प्रोसेसरच्या हाताशी राहत नाही, आणि वाचवलेला वेळ शोधण्यात परत जातो. पहाडे तिसापर्यंतच पाठ करायचे असतात, हजारापर्यंत नव्हे.

आपले तीन तक्ते मिळून 768 आकडे, म्हणजे 3 केबी. त्या पानावरच्या संत्र्यांच्या एका फोटोत असले तीस-चाळीस सहज मावले असते.