गाडीत पाणी येतंय? आधी रबर विकू नका



पावसाळा जवळ आला की गॅरेजवाल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. "सर, जुनी ओपन गाडी आलीय. काचेच्या कडेनं पाणी येतंय. सगळं रबर बदललं, तरी येतंय. आता काय करू?"

माझं मत सरळ आहे. गळतीच्या कामात रबर बदलणं ही शेवटची पायरी आहे आणि गळती शोधण्याचे पैसे वेगळे घेतलेच पाहिजेत. माझं स्वतःचं दुकान रबर बीडिंग आणि ॲक्सेसरीजचं आहे. रबर खपलं तर गल्ला माझा भरतो. तरीही हे सांगतोय, म्हणून जरा शांतपणे वाचा.

उदाहरणाला माझदाची एमएक्स-५ घेऊ. ही दोन सीटची ओपन गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली. आपल्याकडच्या शोरूममध्ये ती कधी आली नाही, पण शिकायला झकास आहे. कापडी छत, दाराच्या काचेला वरून फ्रेम नाही, आणि पाणी कुठून कुठे जातं हे नीट कळतं. मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज रॅल्यांमध्ये ज्या ओपन गाड्यांच्या काचा अशा बिनफ्रेमच्या असतात, त्यांनाही तपासायची रीत हीच.

पाणी दिसतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

ग्राहक म्हणतो "काचेतून येतंय". तुम्ही आधी बघा की ओलं नक्की कुठे आहे.

सीटच्या मागचं कार्पेट ओलं असेल तर काचेवर संशय घेण्याआधी ड्रेन बघा. एमएक्स-५ मध्ये छतावरून मागे येणारं पाणी एका पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या ड्रेनमधून गाडीखाली पडतं. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी तुंबतं, आत उतरतं आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये साचतं. तिथून पत्रा आतून गंजतो. ओपन गाडीला वर छताचा आधार नसतो, बॉडीची ताकद या सिलवरच असते. म्हणजे प्रश्न नुसत्या ओल्या कार्पेटचा राहत नाही.

दाराच्या आतल्या पॅनेलखालून पाणी येत असेल तर गंमत वेगळीच. दाराच्या आत थोडं पाणी जाणारच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. पॅनेलमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. कोणीतरी स्पीकर बसवताना तो फाडतो, आणि दोष येतो बिचाऱ्या रबरावर!

खांद्यावर किंवा कोपरावर थेंब पडत असतील, तर मात्र काच आणि रबर यांचं जमत नाहीये.

तपासायचा क्रम

१. ड्रेन आणि दाराखालची भोकं मोकळी करा. थोडं पाणी ओतून ते खाली पडतंय का बघा. ड्रेनमध्ये अणकुचीदार तार घालू नका, पाइप फाटतो.

२. साधा होज घ्या, प्रेशर वॉशर नको. खालून सुरू करा आणि हळूहळू वर जा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरूनच पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

३. कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यात धरून दार लावा. पट्टी ओढताना अडली पाहिजे. जिथे सहज निघते तिथे खूण करा.

४. आता काच बघा. वर्षानुवर्षं वापरून काचेचे गाइड झिजतात, बोल्ट ढिले होतात आणि काच बाहेर झुकते किंवा पूर्ण वर येत नाही. दाराचं पॅनेल काढून ती आधी सेट करा. पुढच्या काचेवर छत अडकवणारे लॅचही पुरेसे घट्ट आहेत का तपासा.

५. एवढं करूनही येतंय, रबर कडक झालंय, चिरलंय किंवा बसून चपटं झालंय, तर बदला. पण त्याच मॉडेलचं, त्याच आकाराचं घ्या. मीटरवर मिळणारं जाड बीडिंग ठोकलं तर दार लावायला जोर लागतो आणि काच आणखी बाहेर ढकलली जाते.

आणि सिलिकॉनची ट्यूब? काचेला टेकणाऱ्या रबरावर ती फासणं म्हणजे पुढच्या मिस्त्रीला शिक्षा. गळती लपते, पाणी आत अडकतं, नवीन रबर बसवताना सगळं खरवडावं लागतं. रबर चांगलं असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोल आणि इंजिन ऑइल लांब ठेवा.

आता पैशाचं गणित

समजा, तुम्ही दोन तास घालवले आणि निघालं काय, तर तुंबलेला ड्रेन. पार्ट शून्य. बिल काय लावणार? बरेच जण लाजेकाजेने दोनशे रुपये घेतात. शेजारचा गॅरेजवाला काही न तपासता पूर्ण रबर सेट बदलतो आणि हजारो रुपयांचं बिल करतो. म्हणजे आपल्या धंद्यात चुकीच्या उत्तराला पैसे मिळतात आणि बरोबर उत्तराला मिळत नाहीत. हे असंच राहिलं तर चांगला मिस्त्रीसुद्धा हळूहळू रबरच विकायला लागेल. माणूस वाईट नसतो, दर चुकीचा असतो.

म्हणून तपासणीचा दर ठरवा, बोर्डावर लिहा आणि गाडी आत घेण्यापूर्वी सांगा. "काम केलं तर तपासणी फ्री" ही स्कीम ठेवू नका. तसं केलं की काम काढायचा मोह पुन्हा येतोच.

तुम्ही म्हणाल, "सर, नुसतं बघायचे पैसे कोण देतो?" नुसतं बघू नका, दाखवा. कुठून पाणी आलं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, खुणा केलेले फोटो द्या, एका कागदावर कारण लिहून द्या. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, गोळी मिळो वा न मिळो. जुनी गाडी सांभाळणारा माणूस हौशी असतो, बरोबर कामाची किंमत त्याला कळते. खुद्द माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्या पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली आणि कापडी छतासकट काही जुने पार्ट पुन्हा बनवायला घेतले. गिऱ्हाईक आहे, मित्रांनो.

घासाघीस करून निघून जाणारेही भेटतील. जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र पाळा. "एक थेंबही येणार नाही" अशी गॅरंटी देऊ नका. जुन्या कापडी छताची गाडी बंद गाडीसारखी कोरडी राहीलच असं नाही. बिलावर लिहा: कुठे, किती वेळ, कशा पाण्याने तपासलं. तेवढ्याचीच जबाबदारी घ्या आणि ती पूर्ण पाळा.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या गॅरेजचा तपासणीचा दर ठरवा आणि बोर्डावर लावा. किती ठेवला आणि का, ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.