माती परीक्षणाच्या कार्डावर शिसे आहे कुठे?

मालवण : गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पर्यटकांच्या. मुंबई-गोवा महामार्ग असो की कसाल-मालवण रस्ता, कडेच्या अंगणात आणि मळ्यात बसणारी धूळ ही नुसती माती नसते. ब्रेक घासले की तांबे झडते, टायर झिजले की जस्त. त्यात जुने शिसेही मिसळलेले असते.

जुने म्हणजे किती? देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. त्याआधी अनेक वर्षे ते धुरातून रस्त्याकडेला पडत होते. शिसे कुजत नाही, वरच्या थरात तसेच राहते. 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 नियम आला, धूर कमी झाला. पण ब्रेक-टायरच्या झिजेला त्या नियमात मर्यादाच नाही. इलेक्ट्रिक गाडीचे टायरही झिजतातच.

कोकणात प्रश्न आणखी वेगळा आहे. इथली जांभ्याची माती आम्लधर्मी. अशा मातीत जस्त, कॅडमियम लवकर विरघळून मुळांपर्यंत पोचतात. पावसात रस्त्यावरची धूळ गटारातून व्हाळात आणि व्हाळातून नदीत जाते. कणकवलीत महामार्ग ओलांडणारी गड नदी पुढे कालावल खाडीला मिळते. खाडीतली कालवे पाणी गाळून खातात. पाण्यात धातू असतील तर ते त्यांच्या अंगात साठतात.

मग भाजी टाकून द्यायची? तसे नाही. आधी मोजायला हवे, आणि अडचण तिथेच आहे. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक असतात. त्यात शिसे नाही, कॅडमियम नाही. जस्त, तांबे आहेत, पण पिकाला कमी पडतात का, एवढेच बघायला. त्यामुळे कार्डावर जमीन चांगली दिसली तरी या धातूंबद्दल काहीच कळत नाही. रस्त्याकडेच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून कृषी विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ही तपासणी मागायला हरकत नाही.

तोवर घरच्या घरी करता येण्यासारखे बरेच आहे. धातूंचे प्रमाण रस्त्याला लागून सर्वात जास्त असते, आत जावे तसे झपाट्याने उतरते. म्हणून पालेभाजीचा वाफा घरामागे करावा, रस्त्याच्या बाजूला दाट कुंपण लावावे. आमसुले, सुकी मासळी, भात डांबरावर किंवा कडेला वाळत घालू नये. भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवावी. शिशाचा सर्वात जास्त त्रास लहान मुलांच्या मेंदूला होतो. तेव्हा अंगणात खेळून आलेल्या पोरांचे हात जेवणाआधी धुतलेच पाहिजेत.