एडिटरला चुका वाचता आल्या पाहिजेत

अभनपुरात मी संध्याकाळी मुलांना सी शिकवतो. राजिम आणि धमतरीच्या वाटेवरच्या गावांतून ती येतात. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि व्हिम हा एडिटर उत्तम चालतात. माझा आग्रह असा, की पहिल्याच आठवड्यात एडिटरला कंपायलरच्या तक्रारी ओळखायला शिकवावं.

जीसीसी हा सीचा कंपायलर आधी फाइलचं नाव छापतो, मग कोलन, ओळ क्रमांक, पुन्हा कोलन, रकाना आणि शेवटी मजकूर. व्हिमच्या ‘एररफॉरमॅट’ला हा साचा ठाऊक असतो. ‘मेक’ दिलं की चुकांची यादी बनते आणि कर्सर पहिल्या चुकीवर जाऊन बसतो. जावाचं प्रकरण वेगळं. तिचा कंपायलर रकाना आकड्यात सांगत नाही. चुकलेली ओळ छापून खाली टोपीसारखं चिन्ह ठेवतो. म्हणून साचा अनेक ओळींचा लागतो आणि चिन्हाच्या जागेवरून रकाना ठरतो. हा साचा मुलांकडून स्वतः लिहून घ्यावा.

बोर्लंडच्या टर्बो पास्कलनं १९८३ मध्येच कर्सर चूक असलेल्या जागी नेऊन दाखवला होता. तरीही ओळ क्रमांक वहीत उतरवण्यातच शिस्त आहे, असं मानणारे शिक्षक भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. अर्धविराम सुटला की कंपायलर बरेचदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. तिथून वर पाहायची सवय लावण्यात तास जावा. पहिली चूक दुरुस्त करून लगेच पुन्हा ‘मेक’ द्यावं. खालच्या कित्येक तक्रारी तिच्याच पोटच्या असतात.