विषाणू शिवारात नको, अरणीत हवा

रब्बीचा बटाटा निघाला की मंचर-खेड भागात झाडांच्या सावलीला अरणी, म्हणजे साठवणीचे ढीग, लागतात, आणि उन्हाळा तापू लागला की बटाट्यावरच्या पाकोळीची सुगी सुरू होते. १९०६च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ही कीड मुंबई इलाख्यात उतरली, ती इथलीच झाली. बटाट्याच्या डोळ्यापाशी काळसर विष्ठेचा पुंजका दिसला, की आतली अळी कुठल्याही भुकटीच्या आवाक्याबाहेर गेली असे समजावे.

या पाकोळीचा खास तिचाच म्हणावा असा एक ग्रॅन्युलोव्हायरस आहे. त्याचा प्रथिनकवचातला कण अळीने खाल्ला, की तिच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात कवच विरघळते. पुढे काही दिवसांत अळी दुधाळ पांढरी पडून मरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात रीड आणि स्प्रिंगेट या संशोधकांनी तो शेतात फवारून पाहिला. ते काम १९७१ साली प्रसिद्ध झाले. पण शेतात त्याची गाठ उन्हाशी असते, आणि अतिनील किरणांपुढे तो फार तग धरत नाही. अंधाऱ्या साठवणीत ती अडचणच नाही. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने नेमके हेच हेरले. वीस रोगट अळ्या पाण्यात वाटायच्या, एक किलो टाल्कमध्ये कालवून वाळवायच्या आणि टनाला पाच किलो भुकटी चोळायची, असा त्यांचा सुटसुटीत पाठ. आपल्याकडे मात्र ‘विषाणू’ म्हटले की हात आधी फवारणी पंपाकडे जातो.

सुटसुटीतपणातच मेख आहे. वीस अळ्या म्हणजे विषाणू किती? मेलेली अळी केवढी होती, रोग किती मुरला होता, यावर ते ठरते. घाटेअळीच्या एचएएनपीव्ही या विषाणूचे कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. पाकोळीच्या विषाणूचे कण त्याहून बारीक, त्यांना डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शक लागतो. ती सोय नसलेल्या प्रयोगशाळेच्या पुड्यावरील आकड्यावर आम्ही तरी विसंबणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. खुद्द लिमाच्या केंद्रातल्याच पुढच्या चाचण्यांत टाल्कसारख्या निव्वळ भुकट्यांनीही अळ्या बऱ्यापैकी मरतात असे दिसले. म्हणजे ‘उपचारित विरुद्ध अनुपचारित’ अशा दोनच ढिगांच्या चाचणीवरून विषाणूला श्रेय देता येत नाही. तिसरा ढीग नुसत्या टाल्कचा हवाच. तो नसलेले अहवाल आमच्याकडे येतात, आणि त्यांतली टक्केवारी नेमकी फार देखणी असते!

सुरुवात बेण्याच्या बटाट्यापासून करावी. खाण्याच्या मालावरची पांढरी भुकटी व्यापाऱ्याला चालेल का, याची आम्हाला शंका आहे. काढलेला माल रात्रभर शेतात उघडा राहिला, तर अंडी तिथेच पडतात. म्हणून त्याच दिवशी उचल, किडका माल वेगळा, आणि अरण रचण्याआधी भुकटी. नंतर वरून भुरभुरून उपयोग नाही.

येत्या हंगामात ज्यांच्या अरणी लागतील, त्यांनी तिन्ही ढिगांचे आकडे पाठवावेत. विषाणू हरला असेल तरीही छापू.