दुरुस्तीतील तारतम्य

गेल्या श्रावणात आमच्या घरी घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतो. तिच्या अनुषंगाने आमचे मत मांडणे मग सोपे होईल.

आजोबांचा मोबाइल तसा जुनाच. एके रात्री त्यावर कंपनीकडून सॉफ्टवेअरचे नवे अपडेट आले आणि त्यांनी ते सुरू करून मोबाइल उशाशी ठेवला. मध्येच बॅटरी संपली असावी. सकाळी पाहतो तो पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटावे, क्षणभर राहावे, पडदा काळा व्हावा आणि पुन्हा तेच चिन्ह उमटावे, असा क्रम अखंड चाललेला. बाजारातील दुरुस्तीवाल्याने मोबाइल उलटसुलट करून सरळ सांगितले, "रीसेट करना पड़ेगा, भाईसाहब. डेटा सब चला जाएगा." आजोबांनी काही न बोलता मोबाइल परत खिशात घातला.

घरी आल्यावर आमचे शहाणपण जागे झाले. कुठूनसे ऐकलेल्या माहितीच्या जोरावर आम्ही बटणे दाबून मोबाइलचा रिकव्हरी विभाग उघडला. त्या यादीत ‘वाइप कॅश पार्टिशन’ आणि ‘वाइप डेटा’ अशा दोन ओळी जवळजवळ होत्या. एकीने केवळ तात्पुरत्या नोंदी पुसल्या जातात, दुसरीने सर्वस्व. घाईत आम्ही दुसरी निवडली. खात्री आहे काय, असे मोबाइलने विचारले. त्यालाही न वाचताच होकार दिला. अवघ्या काही मिनिटांत मोबाइल चालू झाला. नव्यासारखा चकचकीत, आणि नव्यासारखाच रिकामा.

आम्ही विजयी मुद्रेने तो आजोबांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ शोधाशोध केली आणि मग हळूच विचारले, "बाळ, तिच्या ओव्या कुठं गेल्या?"

आजी जाऊन तीन वर्षे झाली होती. तिच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्यांची सात ध्वनिमुद्रणे त्या मोबाइलमध्ये होती, आणि ती अन्यत्र कोठेही नव्हती. पुढे शोध करता त्यांतील दोन इंदूरच्या आत्याकडे सापडली. तिला ती कधी तरी पाठविली होती. उरलेली पाच गेली ती गेलीच.

यावरून आमचे स्पष्ट मत असे बनले आहे की, यंत्र चालू करणे आणि यंत्र दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पहिला प्रश्न "हे चालू कसे होईल?" हा नसावा, "यातील काय वाचले पाहिजे?" हा असावा. जो हा प्रश्न आधी विचारतो त्याचा हात आपोआप जपून चालतो.

आता हे यंत्र अडते तरी का, हे थोडक्यात पाहू. मोबाइलच्या साठवणीचे स्थूलमानाने दोन विभाग असतात. एकात यंत्र चालविणारी मूळ प्रणाली असते. दुसऱ्यात आपली छायाचित्रे, संदेश, ध्वनिमुद्रणे आदी संग्रह असतो. अपडेट होते ते मुख्यतः पहिल्या विभागाचे. मोबाइल सुरू करताना चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम प्रथम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामची सांकेतिक सही तपासून त्याच्या हाती काम सोपवितो, तो आपल्या पुढच्याच्या. आणि अशी साखळी पूर्ण झाली म्हणजे पडदा उजळतो. अपडेट अर्धवट राहून प्रणाली निम्मी जुनी, निम्मी नवी झाली, तर ही साखळी मध्येच तुटते. यंत्र पुन्हा आरंभापासून प्रयत्न करते, पुन्हा तेथेच अडखळते. यासच ‘बूटलूप’ म्हणतात. अशा वेळी दुसऱ्या विभागातील आपला संग्रह बहुधा जागच्या जागी सुरक्षित असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 2016 साली अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. नवी प्रत नीट चालली नाही तर यंत्र जुनीकडे परत वळते. परंतु सर्वच कंपन्यांनी ही सोय तेव्हाच स्वीकारली नाही, आणि जुन्या मोबाइलांत ती नसते.

म्हणून उपायांचा क्रम सौम्याकडून कठोराकडे असावा. प्रथम मोबाइल चार्जरला लावून अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसावे. मोठ्या अपडेटनंतरचा पहिला आरंभ बराच वेळ घेतो, आणि ज्यास आपण अडणे समजतो ते पुष्कळदा नुसते काम चाललेले असते. त्यानंतर सक्तीने पुन्हा सुरू करून पाहावे: बहुतेक अँड्रॉइड मोबाइलांत पॉवरचे व आवाज कमी करण्याचे बटण दहा-वीस सेकंद एकत्र दाबून धरावे लागते. तेवढ्याने न भागल्यास रिकव्हरी विभागात जाऊन आधी केवळ पुन्हा सुरू करण्याची ओळ निवडावी, आणि तात्पुरत्या नोंदी पुसण्याची सोय तेथे असल्यास तिचा अवलंब करावा. आयफोन असेल तर तो संगणकास जोडून ‘रिस्टोअर’पूर्वी ‘अपडेट’ हा पर्याय घ्यावा. पहिल्याने सर्व पुसले जाते, दुसऱ्याने संग्रह राखून प्रणाली पुन्हा बसविण्याचा प्रयत्न होतो. याउपर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात जाऊन, संग्रह न पुसता प्रणाली बसविता येईल काय, हे विचारावे आणि त्याचे उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. सर्व पुसणारा रीसेट हा अगदी शेवटचा उपाय. हल्लीच्या मोबाइलांत संग्रह सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतो; रीसेटसरशी त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते आणि मग मोठ्यातला मोठा कारागीरही काही करू शकत नाही. शिवाय रीसेटनंतर मोबाइल आपले जुने खाते व पासवर्ड मागतो. तो आठवत नसेल तर चालू झालेले यंत्रही आपल्यास परकेच.

धीराचे मोल केवळ घरगुती नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लक्ष विंडोज संगणक अडून बसले. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा इलाज काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक सदोष फाइल काढून टाकणे. काम कंटाळवाणे, बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून करावयाचे; परंतु त्यासाठी आतील संग्रह पुसण्याचे कारण नव्हते.

या प्रसंगानंतर आजोबांनी पुन्हा म्हणून अपडेट घ्यावयाचे नाही, असा निश्चय केला. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. तथापि हा निश्चय आम्हांस मान्य नाही. 2017 च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने इंग्लंडातील रुग्णालयांपर्यंत हाहाकार उडविला. त्याला अटकाव करणारे अपडेट मार्चमध्येच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांचीच प्रामुख्याने हानी झाली. पाऊस येतो म्हणून कौले शाकारणे कोणी सोडीत नाही. शाकारण्यापूर्वी घरातले धान्य मात्र हलवून ठेवतात. अपडेटपूर्वी बॅटरी भरलेली असणे आणि संग्रहाची दुसरी प्रत अन्यत्र असणे, एवढेच हे धान्य हलविणे आहे.

दुसऱ्या प्रतीचे महत्त्व ग्वाल्हेरकरांस निराळे सांगावयास नको. आपल्या या नगरीस 2023 साली युनेस्कोने संगीतनगरी म्हणून गौरविले. पण ग्वाल्हेरची गायकी एकाच किल्ल्यात कोंडून राहिली असती तर आज काय उरले असते? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे येऊन वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले आणि ती विद्या महाराष्ट्रात घेऊन गेले. मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे 1918 साली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय उघडले आणि भातखंडे यांच्या पद्धतीने बंदिशी स्वरलिपीत उतरू लागल्या. एक बंदिश अनेक कंठांत, अनेक गावांत आणि शिवाय कागदावरही राहिली, म्हणूनच ती टिकली. आमच्या आजीच्या ओव्या एकाच ठिकाणी होत्या. ज्या दोन वाचल्या त्या आत्याला पाठविल्या म्हणून वाचल्या.

ग्राहक या नात्यानेही आपण अगदीच निराधार नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण अधिनियम 20 जुलै 2020 पासून अंमलात आला. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. आणि 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले, ज्यावर दुरुस्तीविषयीची कंपन्यांची माहिती एकत्र मिळावी असा हेतू आहे. परंतु कायदा पैसे परत मिळवून देईल, फार तर नवा मोबाइल देईल. पुसला गेलेला आवाज परत देण्याचे सामर्थ्य कोणत्याही आयोगात नाही.

विद्यार्थिमित्रांनो, घरातील वडीलधारी मंडळी मोबाइल अडला म्हणजे प्रथम तुमच्याकडे पाहतात. तो विश्वास मोठा आहे, आणि बोटे चपळ असल्याने आपण त्यास पात्र ठरतो असे नव्हे. हे आम्ही स्वतःच्या चुकीने शिकलो. येत्या रविवारी आजीआजोबांपाशी बसा, त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांना अत्यंत प्रिय असे काय आहे ते विचारा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पडद्यावरील प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवा आणि मगच बटण दाबा.

त्या दोन ओव्या आता आमच्या घरी संगणकावर आहेत, आत्याकडे आहेत, पुण्याच्या काकांकडे आहेत. आजोबा रोज सकाळी त्या ऐकतात. उरलेल्या पाचांविषयी त्यांनी आम्हांस पुन्हा कधी विचारले नाही.